चुंबकीय स्विच निवडताना या चुका टाळा

दार उघडल्याची सूचना देणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र तयार करताना ‘रीड स्विचला वीज लागत नाही’ या समजुतीवर अनेकदा निवड ठरते. काचेच्या नळीतील दोन धातूच्या पट्ट्या चुंबक जवळ येताच एकमेकींना टेकतात, असा हा स्विच स्वतः वीज खात नाही हे खरे. परंतु दार बंद असताना चुंबक जवळ असतो, संपर्क जुळलेला असतो आणि पुल-अप रोधकातून (स्विच उघडा असताना संकेताची तार पुरवठ्याच्या व्होल्टेजवर धरून ठेवणाऱ्या रोधकातून) प्रवाह अखंड वाहत राहतो. ३ व्होल्टवर १०० किलोओहमचा रोधक असल्यास हा प्रवाह ३० मायक्रोअँपिअर होतो आणि सुमारे २२० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा सीआर२०३२ सेल केवळ त्यापायी दहा महिन्यांत संपतो. दार बहुतांश वेळ बंदच राहते, त्यामुळे रोधक काही मेगोहमचा घ्यावा. मात्र मग ओलीतून झिरपणारा थोडासा प्रवाहही संकेत बिघडवू शकतो, म्हणून सर्किट बोर्डावर ओल धरणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

याउलट, सहज मिळतो म्हणून ए३१४४ हा हॉल स्विच (चुंबकीय क्षेत्र ओळखणारी इलेक्ट्रॉनिक चिप) बसवणे ही त्याहून मोठी चूक होय. त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि तो सतत काही मिलिअँपिअर प्रवाह घेतो. ५ मिलिअँपिअर धरले तरी तेवढ्या क्षमतेचा सेल दोन दिवसही पुरणार नाही. मधूनमधून जागे होऊन तपासणारे हॉल स्विच काही मायक्रोअँपिअरवर भागवतात आणि दारासाठी ते उत्तम ठरतात. फिरत्या चुंबकाचे फेरे मोजून वाऱ्याचा वेग सांगणाऱ्या वायुवेगमापकात मात्र तेच फसतात. सेकंदाला २० वेळा तपासणाऱ्या स्विचसमोरून चुंबक ५० मिलिसेकंदांच्या आत निघून गेला, तर तो स्पंद मोजला जाईलच असे नाही. दोष फक्त जोराच्या वाऱ्यात दिसत असल्याने संशय आधी प्रोग्रॅमवर जातो. अशा ठिकाणी वेगाने तपासणारा टीएमआर स्विच (चुंबकीय क्षेत्रानुसार विद्युतरोध बदलणारा सेन्सर) घ्यावा. रीड स्विच घेतल्यास संपर्काच्या थरथरीमुळे एकाचे दोन मोजले जाऊ नयेत म्हणून डीबाउन्स (पहिल्या स्पंदानंतर क्षणभर पुढचे स्पंद न मोजण्याची सोय) अवश्य ठेवावा.

दार उघडूनही संकेत बदलत नसेल, तर सेन्सर बिघडला असे मानण्यापूर्वी तो लॅच प्रकारचा आहे का ते पाहावे. लॅच विरुद्ध ध्रुव समोर येईपर्यंत आपली स्थिती सोडत नाही. तसेच हॉल स्विच बहुधा आपल्या पृष्ठभागाला लंब असलेले क्षेत्र ओळखतो, रीड आपल्या लांबीच्या दिशेचे आणि टीएमआर सहसा चिपच्या प्रतलातील. म्हणून एकाच्या जागी दुसरा लावताना चुंबकाची दिशाही नव्याने ठरवावी लागते.

रीड स्विचचे पाय वाकवताना काच आणि वाकणाची जागा यांच्यामध्ये पाय पक्कडीने धरावा, अन्यथा काचेला बारीक तडा जातो.