राधानगरीची चित्रं दसरा चौकात : प्रदर्शनाआधी काय काय बघायचं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीच्या जंगलाची आणि गावांची चित्रं काढून शहरात दसरा चौकात प्रदर्शन भरवणाऱ्या चित्रकारांच्या गटासाठी ही यादी. पहिली गोष्ट तारीख, आणि तारीख ठरवताना पंचांगाआधी पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याला टेकली की अख्खं कोल्हापूर 43 फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे डोळे लावून बसतं. त्या आठवड्यात चित्रं बघायला कोण येणार? 2019 आणि 2021 चा महापूर ज्यांनी बघितला त्यांना हे सांगायला नको. शिवाय दमट हवेत काचेआडच्या जलरंगाला बुरशी धरते ती वेगळीच. दसऱ्याच्या आगेमागे दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनातलं कलादालन मिळालं तरी समोर शाही दसऱ्याची गर्दी, गाडी लावायला जागा नाही. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरा. मात्र तेव्हा ऊस जोरात असतो. राधानगरीकडून येणारा टेम्पो पहाटे निघाला नाही तर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे रांगत येईल, हे धरून वेळ ठरवा. दालनाचा अर्ज आणि अनामत बरेच महिने आधी द्यावी लागते. अर्ज देतानाच चार प्रश्न विचारून घ्या: भिंतीला खिळा चालतो की पट्टीला हूक अडकवायचे, दिवे फिरवता येतात का, वीज गेली तर जनरेटर आहे का, आणि आदल्या रात्री किती वाजेपर्यंत मांडणी करू देतात.

चित्रं हिवाळ्यात लावायची असली तरी काम आदल्या पावसाळ्यात सुरू व्हायला हवं. पावसाळ्यात राधानगरीचं अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असतं. पण धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावरची भोगावती, फेजिवड्याच्या बाजूचा ओला डोंगर, चिखलणीची भातखाचरं यांना जंगलात शिरायची गरज नाही. हे राहून गेलं तर भिंतीवर नुसतं पिवळं गवत आणि निळं आकाश दिसेल आणि हे राधानगरी आहे की आणखी कुठलं, कळणार नाही. जंगल उघडल्यावर सावराई सड्यासारख्या ठिकाणी बसून रंगवायचं तर वनखात्याला आधी पत्र द्या. गेटवर जाऊन हुज्जत घालू नका.

निवडीला बसण्याआधी गटातल्या सगळ्यांनी मिळून एक चक्कर टाऊन हॉल संग्रहालयात आणि एक राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांच्या संग्रहालयात मारावी. जुने चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याच्या काठाला राहून तेच पाणी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. मांडरे सिनेमात नट म्हणून गाजले आणि तरीही त्यांचं निसर्गचित्रण सुटलं नाही. त्यांची नक्कल करा असं कोणी म्हणत नाही. पण आपल्या गावात लँडस्केपचा हात किती वर पोचला होता हे एकदा बघून आलं की निवडीत ‘चालतंय की’ म्हणणारे जरा गप्प बसतात. भिंत मोजून, मगच चित्रांची संख्या ठरवा. दोन चित्रांत हातभर तरी मोकळी जागा हवी. प्रत्येकाची ‘निदान पाच’ घेण्याचा आग्रह झाला तर ठामपणे नाही म्हणणारा एक माणूस नेमा. तो गटाबाहेरचा असला तर सगळ्यांचाच जीव वाचतो.

आता ज्यावर जास्त वेळ घालवायचा ते. मुंबईच्या प्रेक्षकाला तुमचा गवा रंग म्हणून आवडेल. इथला प्रेक्षक चित्राआधी गवा बघतो. त्याने तो बांधावर उभा राहिलेला पाहिलेला असतो. गव्याचे पाय गुडघ्यापासून खाली पांढरट, मोजे घातल्यासारखे. मोठा नर काळाभोर, माद्या आणि लहान पिलं तपकिरी, खांद्यावरून पाठीच्या मध्यापर्यंत उंचवटा. यातलं काही चुकलं आणि म्हशीला रंग दिल्यासारखा दिसला, तर जंगलालगतच्या दाजीपूरहून आलेला माणूस तोंडावर काही बोलणार नाही, पण पुढच्या चित्रावर त्याचा विश्वास राहणार नाही. मलबारी राखी धनेशाच्या चोचीवर शिंग नसतं. ते मोठ्या धनेशाला असतं. शेकरू आपला राज्यप्राणी, त्याला नुसती मोठी खार करून चालणार नाही. पाठ तांबूस-काळपट, पोट फिकं, शेपूट अंगापेक्षा लांब. निवड झाल्यावर सगळी वन्यजीवांची चित्रं एखाद्या वनरक्षकाला किंवा जंगलातल्या जुन्या वाटाड्याला मोबाइलवर दाखवून घ्या. दुरुस्तीला पंधरा दिवस हाताशी ठेवा.

आणि निवड करताना हेही बघा की गवा फक्त धुक्यातच उभा आहे का. राधानगरीचं जंगल 1958 पासून गव्यांसाठी राखलेलं, 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीतही गेलेलं, हे पत्रकात छापायला ठीक. पण काठावरच्या शेतकऱ्याचा गवा रात्री उसात आणि मक्यात उतरतो. त्याच्या डोक्यात गव्याचं चित्र म्हणजे मोडलेलं पीक, माळ्यावरची शेकोटी आणि पंचनाम्याचे हेलपाटे. असं एकही चित्र नसेल तर कोणाला तरी ते काढायला सांगा. माझ्या मते ते दारासमोरच्या भिंतीवर लागलं पाहिजे.

चित्राखालची चिठ्ठी हा वरवर क्षुल्लक, पण भांडणाचा विषय. नाव, माध्यम, आकार, किंमत एवढं सगळेच लिहितात. इथे जागेचंही नाव हवं, आणि तेही तालुक्याचं नको, वाडीचं. ‘सह्याद्रीतील पहाट’ असं लिहिलं की ते चित्र कुणाचंच राहत नाही. याला अपवाद एकच: घरटं, ढोली किंवा दुर्मीळ आमरी (ऑर्किड) असेल तर जागा अजिबात लिहू नका. तोंडीही सांगू नका. फोटोवाले दुसऱ्या रविवारी तिथे हजर असतात. गावाचं नाव कसं लिहितात ते गावच्या माणसाकडूनच तपासून घ्या.

माणसांची चित्रं वेगळी काढून ठेवा आणि एकेकाचा माग काढा. धनगरवाड्यावरच्या आजींचा चेहरा रंगवला असेल तर त्यांना ते चित्र प्रदर्शनात लागणार आहे, विकलं जाऊ शकतं, कितीला, हे आधी घरी जाऊन सांगायचं. नको म्हणाल्या तर चित्र घरीच ठेवायचं. हो म्हणाल्या तर चांगली प्रत छापून फ्रेमसकट त्यांच्या हातात द्यायची, प्रदर्शनाच्या आधी. उद्घाटनाला धनगरांचं गजानृत्य ठेवायचं मनात असेल तर ढोल-कैताळवाल्यांचं मानधन, गाडी आणि जेवण खर्चाच्या वहीत पहिल्या ओळीला घाला. पाहुण्यांना शाल-श्रीफळ आणि ढोलवाल्यांना नुसता चहा, असं दिसता कामा नये.

यातूनच उद्घाटनाची वेळ ठरते. दाजीपूर शहरापासून 80 किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळी सहाला दीपप्रज्वलन ठेवलं की तिकडच्या माणसाला परतीची एसटी मिळत नाही आणि ज्यांचे चेहरे चित्रांत आहेत तेच गैरहजर. सकाळी अकराची वेळ धरा. भाषणं दोनच. समईला तेल, वात आणि काडेपेटी यांची जबाबदारी एकाच माणसावर टाका, कारण काडेपेटी ऐनवेळी कधीच नसते.

सामानाचं पटकन. जलरंगाला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, म्हणजे कागद काचेला चिकटत नाही. मागची बाजू टेपने पूर्ण बंद करा. काचेला आडव्या-उभ्या टेपच्या पट्ट्या मारून मगच टेम्पोत चढवा. चित्रं उभी, तोंडाला तोंड, मध्ये पुठ्ठा. बरोबर तंगूस, हूक, पाणपातळी, मोजपट्टी, शिडी, काच पुसायला जुनं सुती कापड, विकलेल्या चित्राला लावायच्या लाल टिकल्या, पावतीपुस्तक, पैसे घ्यायचा क्यूआर कोड आणि अभिप्रायाची वही. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 5 फुटांवर ठेवा, पण शाळेच्या सहली बोलावल्या असतील तर एक भिंत मुद्दाम फूटभर खाली घ्या. दिवा काचेवर चमकतो का ते समोर उभं राहून बघा, बाजूने नाही.

सजावटीबद्दल एक सावधगिरी. कोणीतरी हौशी माणूस आजोबांच्या काळातलं सांबराचं शिंग किंवा गव्याचं डोकं ‘लावा की दारात’ म्हणून घेऊन येतोच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही. प्रेमाने परत पाठवा. त्याच दिवशी सगळ्यांच्या ब्रशच्या डब्याही बघून घ्या. मुंगसाच्या केसांचे ब्रश अजून काहींकडे निघतात आणि त्यांची विक्री याच कायद्याने बंद आहे. जंगलावरच्या प्रदर्शनात मुलांना प्रात्यक्षिक दाखवताना हातात मुंगसाचा ब्रश असणं फारच लाजिरवाणं.

शेवटी परतीचा टेम्पो ठरवताना तो रिकामा घरी न आणता राधानगरीलाच पाठवायचं बघा. न विकलेली चित्रं आणि विकलेल्यांच्या छापील प्रती तिथल्या एखाद्या हायस्कूलच्या सभागृहात दोन दिवस लावता येतात. मुख्याध्यापकांच्या नावाचं पत्र महिनाभर आधी पोचवा, दहावीच्या सराव परीक्षेच्या तारखा विचारून घ्या. काचेच्या फ्रेमा तिथे नकोतच. सुतळी आणि कपड्यांचे चिमटे जास्त घेऊन जा, आणि अभिप्रायाची वही नवी, कारण पहिली शहरातच भरून गेलेली असते.