पोस्टची इमेज बनवताना मराठी का मोडतं? या चुका टाळा

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पिलो (Pillow) या इमेज बनवणाऱ्या लायब्ररीने सोशल मीडिया पोस्टचा मजकूर इमेजवर छापला, की बरेचदा जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. 'स्थिती'तली पहिली वेलांटी 'थ'च्या उजवीकडे जाऊन बसते. अशा वेळी लोक फॉन्ट बदलत बसतात, पण दोष बहुधा फॉन्टचा नसतो. अक्षरांची जुळणी रक्म (Raqm) ही वेगळी लायब्ररी करते. ती सापडली नाही तर पिलो गुपचूप साध्या मांडणीवर येतं आणि एकेक चिन्ह ओळीने ठेवत जातं. म्हणून आधी पिलोच्या फीचर्स मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोणत्या सोयी उपलब्ध आहेत ते सांगणाऱ्या भागात, रक्म आहे का ते तपासा. विंडोजवर पिलोच्या तयार पॅकेजमध्ये रक्म असतं, पण रक्मला लागणाऱ्या फ्रिबिडी (FriBiDi) लायब्ररीची डीएलएल फाइल वेगळी टाकावी लागते. अडतं ते इथेच. मजकूर छापताना भाषा म्हणून मराठीचा कोड (mr) द्यायची सवय लावा. रक्म नसेल तर प्रोग्रॅम तिथेच एरर देऊन थांबेल आणि मोडकं मराठी लोकांपर्यंत जाणार नाही. शिवाय फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतील.

दुसरी चूक मजकूर साफ करताना होते. इमोजी काढायचे म्हणून त्यांना एकमेकांशी जोडणारं न दिसणारं चिन्ह, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक (यू+२००डी), सरसकट उडवला जातो. पण अर्धा र लिहायला अनेक कीबोर्ड तोच वापरतात. तो गेला की 'आचार्‍यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना दिलेलं निमंत्रण 'आचार्यांना', म्हणजे गुरूंना जातं! जोडक फक्त दोन इमोजींच्या मधला असेल तरच काढा.

इमोजी ठेवायचे असतील तर लक्षात घ्या, फॉन्टमध्ये एखादं चिन्ह नसेल तर पिलो दुसरा फॉन्ट आपणहून शोधत नाही; रिकामा चौकोन छापतं. नोटो कलर इमोजी या रंगीत इमोजींच्या फॉन्टची बिटमॅप (ठिपक्यांच्या चित्रांची) फाइल तर फक्त १०९ आकारात उघडते. त्यामुळे इमोजी वेगळा छापून, लहान करून चिकटवावा लागतो.

लांब मजकूर अक्षरं मोजून कापू नका. 'महाराष्ट्र'मध्ये संगणकाला १० चिन्हं दिसतात. सातव्यावर कापलंत तर 'महाराष्' उरतं. शब्दाच्या शेवटीच कापा. ओळी पाडतानाही चिन्हांची संख्या नको. पिलोच्या गेटलेंग्थ (getlength) या फंक्शनने पिक्सेलमधली रुंदी मोजा. १०८० पिक्सेलच्या इमेजला दोन्ही बाजूंना ८० सोडले तर ओळीला ९२० मिळतात. दोन ओळींतलं अंतर फॉन्टच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना भिडतात.

सेव्ह करताना पीएनजीच घ्या. पिलोच्या जेपेगची मूळ गुणवत्ता ७५ असते आणि त्यात रंगांचा तपशील कमी होतो, त्यामुळे लाल अक्षरांची शिरोरेषा धुरकट होते. जेपेगच हवं असेल तर गुणवत्ता ९५ आणि सबसॅम्पलिंग (रंगांचा तपशील कमी करणं) ० द्या.

हे सगळं जड वाटत असेल तर मजकूर एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या रूपात लिहून प्लेराइट (Playwright) या ब्राउझर चालवणाऱ्या साधनाने क्रोमियम ब्राउझरमधून स्क्रीनशॉट घ्या. जोडाक्षरं आणि इमोजी ब्राउझरच सांभाळतो. फक्त सर्व्हरवर देवनागरी आणि इमोजीचे फॉन्ट टाकलेले हवेत, आणि वेबफॉन्ट (नेटवरून येणारे फॉन्ट) पूर्ण लोड झाल्यावरच स्क्रीनशॉट घ्यायचा.