भूमिगत कोळसा खाणीतला पाझर : पंप वाढवण्याआधी या चुका टाळा

विदर्भातल्या वर्धा खोऱ्यात भूमिगत खाण चालवायची म्हणजे पाण्याशी रोजची गाठ. इथला कोळसा बराकर नावाच्या खडकांच्या थरांत सापडतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या वर कामठी वालुकाश्म पसरलेला असतो. हा दगड भरपूर पाणी धरून ठेवतो. डिपिलरिंगमध्ये, म्हणजे आधाराला ठेवलेले कोळशाचे खांब काढून घेताना, छत पाडलं की भेगा वर चढतात, आणि त्या कामठीला भिडल्या की सम्पमधली (पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यातली) आवक वाढते. मग मागणी होते ती जादा पंपाची. पंप लागेलच, पण पाणी कुठून येतंय हे शोधायच्या आधी नुसता उपसा वाढवणं ही माझ्या मते सगळ्यात धोक्याची चूक आहे.

शिफ्टच्या वहीत ‘पाणी नेहमीसारखं’ असा शेरा मारणं थांबवा. नालीत ९० अंशांची व्ही-नॉच पाटी (प्रवाह मोजायची, व्ही आकाराची खाच असलेली पाटी) बसवा आणि पाण्याची उंची खाचेत नाही, थोडी मागे मोजा. ऐन खाचेत पाणी खाली झुकतं. १० सेंटिमीटर उंची म्हणजे सेकंदाला साधारण ४.४ लिटर. २० सेंटिमीटर भरली तर जवळपास २५ लिटर. उंची दुप्पट, पण प्रवाह साडेपाच पटींहून जास्त. नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही.

त्याच पानावर पावसाची नोंद ठेवा. पावसानंतर काही तासांतच आवक वाढली तर वरच्या खचलेल्या जमिनीतल्या भेगा आणि जवळचा नाला तपासा. काही आठवड्यांनी हळूहळू चढली तर ते बहुधा थरातलं पाणी. पाऊस नसताना एकाएकी वाढली तर जुन्या कामांचा, म्हणजे पूर्वी कोळसा काढून सोडून दिलेल्या भागांचा, संशय धरा. आणि कारण नसताना घटली तरी निश्चिंत होऊ नका. गोफमधली (कोळसा काढून छत पाडलेल्या भागातली) वाट तुंबून पाणी मागे साठत असू शकतं. दर १० मीटर उंचीला दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोने वाढतो, आणि हवा अडवायला बांधलेली भिंत हा दाब सोसण्यासाठी बांधलेली नसते.

जुन्या नकाशावर विसंबणं

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामांत साठलेलं पाणी घुसलं आणि ३७५ कामगार गेले. २००२ मध्ये अमेरिकेतल्या क्वेक्रीक खाणीत नऊ जण अडकले, कारण शेजारच्या बंद खाणीचा शेवटचा नकाशा हाताशी नव्हता. कागदावर जिथे कोळसा होता, तिथे प्रत्यक्षात पाणी होतं. ते नऊही जण जिवंत बाहेर आले, पण तसं दर वेळी होत नाही.

आपल्या नियमांत पाणी भरलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरचं अंतर आहे. त्याच्या आत परवानगीनेच जायचं, आणि तेही फेसच्या (कोळसा तोडायच्या भिंतीच्या) पुढे किमान ३ मीटर बोअरहोल ठेवून, बाजूचे होलही मारून. ‘आज ड्रिल मोकळं नाही, एक राउंड (स्फोटाची फेरी) घेऊ’ हे कोणत्याही दबावाखाली मान्य करू नका. कोरडा फेस घामेजला, होलमधून जोर धरून पाणी आलं, तांबूस गाळ किंवा कुबट वास आला, की काम बंद आणि माणसं आधी बाहेर. नमुना, फोन, चर्चा सगळं नंतर. जुन्या कामातलं पाणी उतरलं की मागून मिथेन किंवा ऑक्सिजन कमी असलेली हवाही येते, त्यामुळे तपासणी झाल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.

पंप चालू, पण पातळी उतरत नाही

आधी मोटरचा करंट दाखवणारा अँमीटर पाहा. सेंट्रिफ्यूगल पंपाचा करंट नेहमीपेक्षा कमी असेल तर तो पाणी नीट उचलत नाहीये: सक्शनच्या जोडात हवा शिरतेय, फूट व्हॉल्व्हची (सक्शन पाइपच्या तळाच्या झडपेची) जाळी गाळाने भरलीय किंवा इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) झिजलाय. सक्शनची उंची शक्यतो ६ मीटरच्या आत ठेवा. एकाच डिलिव्हरी पाइपवर दुसरा पंप जोडून दुप्पट पाणी मिळत नाही. घर्षण वाढतं आणि दोघांचाही जोर घटतो.

छताकडेही लक्ष हवं. पाणी झिरपणाऱ्या होलमध्ये बोल्ट पक्का करणारी सिमेंट कॅप्सूल धुऊन जाते आणि रूफ बोल्ट (छत धरून ठेवणारी सळई) वरून ठीक दिसला तरी पकडत नाही. तिथे रेझिन कॅप्सूल वापरा आणि बोल्टची ओढचाचणी घ्या. ओल्या कामात उकाडाही जास्त जाणवतो. वेट-बल्ब तापमान (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरवरचं) ३०.५ अंश सेल्सिअसवर गेलं तर हवेचा वेग सेकंदाला किमान १ मीटर हवा, आणि ते ३३.५ च्या वर जाता कामा नये.