पावसाळ्याआधीचा रविवार: ज्याची गाडी, त्याचेच हात

चार-सहा गाडीवेड्यांनी एकत्र जमून आपापल्या मोटरसायकलींची देखभाल करायची असेल, तर तो रविवार मे महिन्यात धरा. जून लागला की सगळ्यांना ताम्हिणी आणि माळशेज दिसायला लागतात, मग गाडीशेजारी बसकण मारायला कुणी तयार नसतं. जागा कोबा किंवा फरशी असलेली, वर छप्पर असलेली हवी. सोसायटीचं पार्किंग नको. पहिलं तेल सांडायच्या आत सेक्रेटरी खाली उतरतो. गाड्या जास्तीत जास्त आठ.

नियम एकच. ज्याची गाडी, त्याच्याच हातात पाना. ज्याला काम येतं त्याने हात मागे बांधून फक्त तोंडाने सांगायचं. हे पाळलं नाही तर दुपारपर्यंत एकटा जाणकार घामाघूम होतो आणि बाकीचे वडापाव खात व्हिडिओ काढतात. जोड्या लावा: एकाने काम करायचं, दुसऱ्याने गाडीचं मॅन्युअल उघडून आकडे वाचायचे. मॅन्युअल शोधून आणायला आठवडाभर आधी बजावा. "माझा मेकॅनिक असं सांगतो" हे वाक्य त्या दिवशी चालणार नाही.

दोन गोष्टी मुद्दाम वगळा. कार्ब्युरेटर उघडायचा नाही, कारण त्यातला एक जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) हरवला की गाडी टेम्पोतून घरी जाते. (१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शनच आहे, त्यामुळे तो मोह तसाही कमी झालाय.) आणि डिस्क ब्रेकचं तेल बदलायचं नाही. लाईनमध्ये हवा राहिली तर लिव्हर हँडलला टेकतो, आणि ते घाटात कळून उपयोग नसतो.

बुलेटवाल्यांसाठी एक. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटचे टॅपेट लावायचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट नीट करायची, असेल तर इंजिन गार हवं, म्हणजे गाडी आदल्या रात्रीच आणून ठेवा. यूसीई (गिअरबॉक्ससकट एकाच खोळीतलं नंतरचं) इंजिनवाला "माझेही टॅपेट बघ" म्हणाला तर त्याला चहा आणायला पाठवा; त्याचे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, तेलाच्या दाबाने फट आपोआप सांभाळतात, लावण्यासारखं तिथे काही नाही.

सोपी कामं पटकन उरका. ऑइल इंजिन कोमट असताना सोडा, ड्रेन बोल्टला नवा वॉशर घाला आणि बोल्ट आधी बोटांनी फिरवून आटे धरलेत याची खात्री करा. एअर फिल्टर कागदी असेल तर धुऊ नका, बदला. प्लग, बॅटरीचे टर्मिनल, क्लचची केबल: बघा आणि पुढे व्हा. टायरमधली हवा गाडी गार असतानाच मोजा.

पण या सगळ्याच्या आधी, सकाळी सगळे ताजे असताना, चेन घ्या. हा टप्पा मला बराच काळ छळत होता, आणि गॅरेजमध्येही तो नीट केलेला क्वचितच दिसतो. दोन मिनिटांत नट ढिला, दोन आटे मागे, नट टाईट, झालं! तसं होत नाही.

पहिलं, आणि हे मी ओरडून सांगतो: इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला ब्रश किंवा फडकं लावायचं नाही. चेन आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) यांच्यामध्ये सापडलेलं बोट तुटतं. इंजिन बंद, चावी खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये डबल स्टँडवर, चाक हाताने फिरवायचं. आमच्याकडे ज्याने हे मोडलं त्याला त्या दिवसापुरतं बाहेर बसवतात, मग तो कितीही सीनियर असो.

साफ करायला रॉकेल किंवा डिझेल. पेट्रोल नको; आगीची भीती आहेच, शिवाय ओ-रिंगवाल्या चेनच्या कड्यांमधल्या रबरी रिंगा त्याने खराब होतात. तारेचा ब्रशही नको. पुसून कोरडी करा.

आता चाक सावकाश फिरवत चेन कुठे सर्वांत ताठ होते ते शोधा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, त्यामुळे ढिल्या जागी माप घेऊन ताणलीत तर ताठ जागा तारेसारखी होते. माप नेहमी ताठ जागीच, खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटांच्या मधोमध. रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांना वर-खाली मिळून २० ते ३० मिलिमीटर ढील सांगितलेली असते, पण खरा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर. माप साईड स्टँडवर घ्यायचं की डबल स्टँडवर, हेही तिथेच लिहिलेलं असतं. ताठ आणि ढिल्या जागेत फारच फरक असेल तर ताणत बसू नका. चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदला, नुसती चेन नाही.

ढील कमी ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. स्विंगआर्म ज्या बिजागरीवर हलतो ती आणि पुढचा स्प्रॉकेट एका जागी नसतात, म्हणून खड्ड्यात शॉकअप दबतो तेव्हा चेन आणखी ताणली जाते. ती जास्तीची ताठरता गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येते. यावर माझी तपासणी साधी आहे: काम झाल्यावर मालक आणि मागे एक जाडजूड मित्र असे दोघे गाडीवर बसतात, तिसरा चेन हलवून बघतो. थोडी तरी ढील उरलीच पाहिजे.

ढिलं काय काय करायचं, इथे लोक फसतात. ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, नटात कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली दुमडलेली तार) असेल तर आधी ती काढा. ड्रम ब्रेकच्या गाडीला ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या दांडीचा नटही सैल करावा लागतो. शिवाय कित्येक कम्युटर गाड्यांना स्प्रॉकेटच्या बाजूला ॲक्सलच्या नटामागे एक मोठा स्लीव्ह नट असतो. तो विसरलात तर एकच बाजू मागे सरकते आणि चाक तिरकं बसतं. मग माणूस ॲडजस्टरवर (चाक मागे सरकवणाऱ्या दोन्हीकडच्या बोल्टवर) जोर काढतो आणि आटे घालवतो.

दोन्ही ॲडजस्टर पाव-पाव फेरा, आळीपाळीने. जुन्या बुलेटला बोल्टऐवजी खाचांच्या कॅम चकत्या असतात. तिथे दोन्हीकडे खाचा मोजून सारख्या ठेवा. स्विंगआर्मवरच्या रेघांवर आंधळा विश्वास नको, गाडी एकदा पडलेली असेल तर मुळीच नको. बिजागरीच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना दोरी धरून मोजा. मग मागे उकिडवे बसून, एक डोळा मिटून, चेनच्या ओळीत बघा. स्प्रॉकेटचे दात एकाच अंगाने चकाकत असतील तर चाक तिरकं आहे, रेघा काहीही सांगोत.

आता ती जागा, जिथे केलेलं सगळं पाण्यात जातं. नट आवळताना ॲक्सल किंचित सरकतो. म्हणून चेनच्या खालच्या पट्ट्यावर, मागच्या स्प्रॉकेटच्या तोंडाशी, घट्ट गुंडाळलेली चिंधी ठेवा आणि चाक हाताने पुढच्या दिशेला फिरवा. चिंधी दातांत शिरते, चेन ताणली जाते, चाक पुढे ओढलं जाऊन ॲक्सल दोन्ही ॲडजस्टरांवर घट्ट टेकतो. हात टायरवर, चिंधीजवळ नाही. याच अवस्थेत नट टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. रेंच नसेल तर भाड्याने आणा, मागून आणा, पण पान्याला पाइप लावून "आता बसला" म्हणू नका.

चिंधी काढा आणि ढील परत मोजा. बदललेली असली तर पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा येतो, मान्य. नवी कॉटर पिन घाला. जुनी सरळ करून वापरणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्या मागे गाडीही चालवत नाही.

चाक मागे गेलं की ड्रम ब्रेकचा रॉड ताणला जातो. पेडलचा प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल, पुन्हा लावा, चाक घासल्याशिवाय फिरतंय का आणि मागचा ब्रेकचा दिवा पेडल दाबल्यावरच लागतोय का ते बघा. चेनला लॉक (दोन टोकं जोडणारी क्लिपवाली कडी) असेल तर त्याच्या क्लिपची बंद बाजू चेन जाते त्या दिशेला हवी. शेवटी ९० नंबरचं गिअर ऑइल चेनच्या आतल्या अंगाला थेंब थेंब, आणि बाहेरून कोरडं फडकं. ग्रीस थापू नका, धूळ धरून त्याची कानस होते.

जेवणानंतर दोन-दोन किलोमीटरची चक्कर, परत आल्यावर ॲक्सलचा नट आणि ब्रेक सगळ्यांसमोर तपासायचा.

काढलेलं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये. कायद्याने तो घातक कचरा आहे, त्यामुळे नाल्यात नाही, कुणाच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणूनही नाही. जुनं ऑइल अधिकृत रिसायकलरकडे पाठवणारं सर्व्हिस सेंटर आधीच विचारून ठेवा आणि कॅन कोण नेणार ते सकाळीच ठरवा, कारण संध्याकाळी प्रत्येकाच्या गाडीवर नेमकी जागा नसते.