बीएस-६ ट्रकचे डिझेल कसे वाचवावे आणि धुराची गाळणी तुंबण्यापासून कशी राखावी

ढाब्यावर एखाद्या ट्रकची केबिन उचललेली दिसली की भोवती चार सल्लागार जमतात. धुरात फवारला जाणारा युरिया बंद करून टाका, सायलेन्सर आतून पोकळ करून घ्या, उतारावर न्यूट्रल मारा, डिझेलमध्ये अमुक बाटली ओता. सल्ले ठरलेले असतात आणि ते देणाऱ्यांपैकी कोणाकडेही डिझेलचा लेखी हिशेब नसतो. नाशिक ते न्हावाशेवा बंदर या मार्गावर माझे ट्रेलर अनेक वर्षे चालत आहेत आणि यांतले एक-दोन सल्ले मीही पदरमोड करून अनुभवले आहेत, म्हणून पुढचे सगळे थोडे ठासून लिहीत आहे. हा लेख १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ (भारत स्टेज-६) या प्रदूषण मानकाच्या जड वाहनांसाठी आहे. वेळेवर सर्व्हिसिंग, स्वच्छ एअर फिल्टर आणि नीट केलेले अलाइनमेंट हे तुम्ही करतच असाल, असे धरून चालतो.

१. आधी मोजा

एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू कोणतीही गाळणी अडवत नाही. तो कमी करण्याचा मार्ग एकच, कमी डिझेल जाळणे. म्हणून पहिले साधन म्हणजे वही. फुल टू फुल, म्हणजे टाकी दर वेळी पूर्ण भरून हिशेब करण्याची, पद्धत सर्वांना ठाऊक असते, पण ती पाळणारे थोडे. पंप एकच ठेवावा, गाडी शक्यतो त्याच सपाट जागी उभी करावी, नोझल आपोआप बंद झाल्यावर फेस बसू द्यावा आणि मग त्याच खुणेपर्यंत भरावे. दोन टाक्या असतील तर दोन्ही भराव्यात. चार खेपांत १६०० किलोमीटर आणि ५०० लिटर झाले असतील तर ॲव्हरेज लिटरला ३.२ किलोमीटर, हा आकडा खरा. एका खेपेवरून कोणताही निष्कर्ष काढू नये, कारण भरलेला कंटेनर आणि रिकामा कंटेनर यांचे ॲव्हरेज एकमेकांचे तोंडही पाहत नाही. त्यासाठी वहीत वजनाचा रकाना वेगळा ठेवावा. बाटलीतल्या औषधाचा चमत्कार या वहीसमोर टिकलेला मी अजून पाहिलेला नाही.

२. हवा

टायरमधली हवा पहाटे, गाडी हलण्यापूर्वी, मीटर लावून तपासावी. जोडीतल्या आतल्या टायरकडे हमखास दुर्लक्ष होते, कारण त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही. मग क्लीनर पाना मारून आवाजावरून सांगतो की हवा ठीक आहे. त्याच्या कानावर विश्वास ठेवू नये. व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन बसवावे.

३. गिअर, न्यूट्रल आणि उभे इंजिन

आरपीएमच्या तबकडीवरचा हिरवा पट्टा शोभेसाठी काढलेला नसतो. इंजिन त्या पट्ट्यात ठेवता येईल तितका वरचा गिअर वापरावा. उतारावर न्यूट्रल मारल्याने डिझेल वाचते हा समज मात्र मुळासकट काढून टाकण्यासारखा आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजच्या इंजिनात इंजेक्टर डिझेल सोडणेच बंद करतात, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये तेच इंजिन स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी डिझेल पीत राहते. म्हणजे इगतपुरीहून कसारा घाट उतरताना न्यूट्रल मारणारा चालक डिझेलही जाळतो, ब्रेकचे लायनरही जाळतो आणि जीवही टांगणीला लावतो. घाट गिअरमध्ये आणि एक्झॉस्ट ब्रेकवर (धुराची वाट अडवून गाडीचा वेग आवरणारा ब्रेक) उतरावा.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवल्यास जड ट्रक तासाला दोन-तीन लिटर डिझेल सहज संपवतो. बंदराच्या रांगेत ही चैन सर्वांत महाग पडते, आणि ती केवळ डिझेलपुरती महाग नसते, हे पाचव्या पायरीत येईलच.

४. युरिया

ज्याला आपण सरसकट युरिया म्हणतो ते द्रावण ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी असे असते. तापलेल्या धुरात त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजनच्या ऑक्साइडचे निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्यात रूपांतर करतो. बीएस-४ मध्ये या ऑक्साइडची मर्यादा प्रति किलोवॅट-तास ३.५ ग्रॅम होती, ती बीएस-६ मध्ये ०.४ पर्यंत खाली आली, आणि ही घट मुख्यतः याच द्रावणाच्या जिवावर झाली आहे. डोळ्यांना न दिसणारा हा वायू असल्यामुळे ‘धूर दिसत नाही, मग प्रदूषण कसले’ असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही.

खताच्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतणारे महाभाग आजही भेटतात. शेतीचा युरिया आपल्याकडे निमतेलाचे आवरण देऊन विकला जातो आणि त्यात इतर अशुद्धीही असतात. दोन्ही गोष्टी कॅटॅलिस्टला (धुरातली ही प्रक्रिया घडवणारा भाग) आणि फवारणाऱ्या नोझलला मारक आहेत. द्रावण सीलबंद घ्यावे, तारीख पाहावी, कॅन उन्हात ठेवू नये. त्याचा खप डिझेलच्या साधारण ३ ते ६ टक्के असतो. तो अचानक फार कमी किंवा फार जास्त झाला तर गाडी काहीतरी सांगत आहे असे समजावे. आणखी एक गोष्ट चालकाला हात धरून शिकवावी: चावी बंद केल्याबरोबर बॅटरीचा कट-ऑफ स्विच फिरवू नये. चावी बंद झाल्यावरही पंप काही क्षण चालून नळीतले द्रावण टाकीत परत ओढून घेत असतो. ते अर्ध्यावर राहिले की नोझलच्या तोंडाशी पांढरे खडे जमतात.

५. काजळीची गाळणी

आता खरा त्रास. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी सिरॅमिकची गाळणी. साठलेली काजळी जाळून ती स्वतःला साफ करते आणि या जाळण्याला रिजनरेशन, चालकांच्या भाषेत ‘रिजन’, म्हणतात. महामार्गावर भरलेली गाडी सलग चालत असेल तर धूर पुरेसा तापतो आणि हे काम कोणाच्या नकळत होत राहते. रांगेत सरकणाऱ्या, तासन्‌तास आयडलवर धुगधुगणाऱ्या गाडीचा धूर मात्र कोमट राहतो. काजळी जळत नाही, नुसती साठते. मग गाडी जादा डिझेल वापरून गाळणीचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. हे काम मध्येच तोडले की जादा डिझेल वाया जाते आणि काजळी तशीच राहते.

२०२२ च्या पावसाळ्यात माझा एक ट्रेलर आयातीचा माल घेऊन परतताना कसारा घाट चढता चढता माणसाच्या चालीवर आला. इंजिनाने ताकद आवरून घेतली होती. मी पोहोचल्यावर चालकाला विचारले, “मामा, गाळणीचा दिवा कधीपासून लागतोय?” मामा म्हणाले, “शेठ, न्हावाशेव्याच्या रांगेत होतो तेव्हापासून. तीन दिवस झाले. म्हटलं, तुम्ही माझ्यावर ओरडाल.” त्या तीन दिवसांत रिजन चार-पाच वेळा सुरू झाले होते, आणि दर वेळी ढाबा दिसला, चहाची वेळ झाली किंवा नाका आला म्हणून इंजिन बंद झाले होते. चूक मामांची नव्हती. दिव्याचा अर्थ मी त्यांना कधी सांगितलाच नव्हता.

पुढची चूकही माझीच. एका मेकॅनिकने गाळणी फोडून रिकामी करण्याचा आणि संगणकाला फसवणारी पेटी बसवण्याचा भाव सांगितला, आणि नव्या गाळणीच्या किमतीपुढे तो इतका किरकोळ होता की मी जवळजवळ हो म्हणालो होतो. दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनी गाळणीला हातही लावला नाही. त्यांनी इंजिन चालू ठेवून टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारी जाळी) जाणाऱ्या रबरी होजच्या जोडावर साबणाचे पाणी सोडले आणि इंजिनाचा वेग वाढवायला सांगितले. क्लॅम्पखालून बुडबुडे आले. होजला बोटभर चीर होती. इंजिनाला हवा कमी पडत होती, म्हणून काजळी दुप्पट होत होती. गाळणी आपले काम चोख करत होती, म्हणूनच ती तुंबली होती. रिकामी केली असती तर तीच काजळी शहापूर-भिवंडीच्या लोकांच्या छातीत गेली असती आणि कमी हवेवर चालणारे इंजिन महिनोन्‌महिने डिझेल खात राहिले असते.

तेव्हापासूनचा माझा नियम असा, की गाळणी वारंवार तुंबत असेल तर आधी काजळी कुठून येते ते शोधावे. होज व क्लॅम्प, एअर फिल्टर, गळणारा इंजेक्टर, तेल सोडणारा टर्बो, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), या क्रमाने पाहावे. त्यानंतर गाळणीच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन बारीक नळ्या पाहाव्यात, कारण त्या तुंबल्या किंवा चिरल्या असतील तर स्वच्छ गाळणीसुद्धा भरलेली दिसते. हे सगळे झाल्याशिवाय कोणी गाळणी खोलायला निघाला तर गाडी तिथून काढून घ्यावी.

चालकासाठी सूचना मी केबिनमध्ये मराठीत आणि हिंदीत चिकटवल्या आहेत. गाडीच्या कंपनीप्रमाणे दिव्यांचा तपशील बदलतो, त्यामुळे आपल्या गाडीचे पुस्तक वाचून त्या लिहाव्यात; ढोबळ अर्थ असा. स्थिर दिवा लागला तर थांबू नये, गाडी वेगात चालेल असा सलग अर्धा-पाऊण तास रस्ता तिला द्यावा. दिवा मिचकू लागला तर सुरक्षित जागी उभे राहून बटण दाबून रिजन करावे आणि ते संपेपर्यंत इंजिनाला हात लावू नये. चेक इंजिनचा दिवाही जोडीला आला तर मालकाला फोन करावा, ओरडा बसणार नाही. रिजन थांबवण्याचे बटण फक्त धोक्याच्या जागी वापरायचे असते, आवाज नकोसा झाला म्हणून नव्हे.

उभ्याने रिजन करताना जागा निवडणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. एक्झॉस्टमधून बाहेर पडणारी हवा भाजणारी असते. सुके गवत, उसाचे पाचट, कापसाच्या गाठी, लोंबणारी ताडपत्री, पेट्रोल पंप यांच्या जवळ हे काम कधीही करू नये. मी मोकळा काँक्रीटचा तळ शोधतो आणि चालकाला गाडीजवळच थांबवतो.

दर रिजनचे किलोमीटर त्याच वहीत लिहावेत. दोन रिजनमधले अंतर आखडत चालले की बिघाड सुरू झाला, दिवा लाल होण्याची वाट पाहू नये. त्याचबरोबर इंजिन ऑइलची पट्टी पाहावी. अनेक इंजिनांत रिजनसाठी सिलिंडरमध्येच उशिरा डिझेल सोडले जाते आणि रिजन वारंवार होत असतील तर त्यातले काही ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. ते पातळ झालेले ऑइल आहे, ताबडतोब बदलावे.

गाळणी शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी स्कॅनरही लागत नाही. थंड गाडीच्या एक्झॉस्टच्या तोंडात पांढरे फडके फिरवावे. ते जवळजवळ स्वच्छ निघाले पाहिजे. काळे निघाले तर गाळणी चिरलेली आहे किंवा, जुनी गाडी घेत असाल तर, आधीच्या मालकाने ती पोकळ केली आहे. असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सौदा करण्यापूर्वी फडके फिरवायला लाजू नये.

६. उरलेले

केबिनच्या टपावरचा, वारा वळवणारा डिफ्लेक्टर मालाच्या उंचीला जुळवावा, ताडपत्री फडफडणार नाही इतकी आवळून बांधावी, वेग साठच्या आसपास ठेवावा, परतीची खेप रिकामी जाऊ देऊ नये. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून घाट टाळता येतो. टोल जास्त की डिझेल, हे ज्याच्या त्याच्या वहीने ठरवावे.

७. राख

काजळी जळते, राख जळत नाही. ही राख मुख्यतः इंजिन ऑइलमधून येते, म्हणून गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कमी राखेचे, बहुधा सीके-४ दर्जाचे, ऑइलच भरावे. दोनशे रुपये वाचवण्यासाठी जुन्या दर्जाचे ऑइल घालणे म्हणजे गाळणीत हाताने राख भरणे. तरीही काही लाख किलोमीटरनंतर गाळणी उतरवून साफ करावीच लागते. ती भट्टीत तापवून आणि उलट बाजूने हवा मारून साफ करतात. ॲसिड, शाम्पू किंवा धुलाई केंद्रावरचा पाण्याचा फवारा तिच्यावर मारू देऊ नये, कारण आतला प्लॅटिनमसारख्या धातूंचा मुलामा त्याने जातो आणि या मुलाम्यासाठीच तिची किंमत असते. त्याच कारणाने चोरांचाही तिच्यावर डोळा असतो. साफसफाईला देण्यापूर्वी गाळणीवर कोरलेला क्रमांक टिपून ठेवावा, मोबाइलवर फोटो काढावा आणि परत घेताना तो क्रमांक जुळवूनच गाडीला बसवू द्यावी. मला एकदा दुसऱ्याच गाडीची गाळणी परत मिळाली होती.