कॉम्प्युटरवरून गाणी ऐकताय? आवाज बिघडवणाऱ्या या चुका टाळा

कॉम्प्युटरला जोडलेल्या सिस्टीमचा आवाज मनासारखा येईना, की बहुतेकांची पहिली खरेदी असते डॅकची, म्हणजे डिजिटल सिग्नलचं ॲनालॉगमध्ये रूपांतर करणाऱ्या वेगळ्या उपकरणाची. खरं तर ती सर्वांत शेवटी करायची. मदरबोर्डच्या मागचा हिरवा जॅक हल्ली बऱ्यापैकी स्वच्छ सिग्नल देतो. आवाज मार खातो तो जोडणीत, विंडोजच्या सेटिंगमध्ये आणि सर्वांत जास्त खोलीत.

हमिंग (सततची घूंऽऽ अशी गुणगुण) आलं की लगेच केबल बदलणं

आधी ऑडिओ केबल ॲम्प्लिफायरच्या बाजूने काढा. तरीही हमिंग चालूच असेल तर कॉम्प्युटरचा त्यात दोष नाही. ॲम्प्लिफायर जुना असल्यास त्याच्या पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर कमजोर झालेले असू शकतात, ते मेकॅनिकला दाखवा. केबल काढल्यावर आवाज थांबला, तर ती परत लावा आणि लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आता शांत झालं? मग तो ग्राउंड लूप. लॅपटॉपला चार्जरमधून एक अर्थिंग मिळतंय, ॲम्प्लिफायरला दुसऱ्या सॉकेटमधून दुसरं. या दोन्हींत जो किंचित फरक असतो, त्याचा करंट ऑडिओ केबलच्या शील्डमधून वाहतो आणि ५० हर्ट्झ व त्याच्या पटींत ऐकू येतो.

अशा वेळी दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. बरेचदा तेवढ्यावर भागतं. सेट-टॉप बॉक्स त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेला असेल तर त्याची केबल किंवा डिशची वायर काढून बघा, लूप तिथूनही तयार होतो. एवढं करूनही राहिलंच तर ऑडिओ केबलच्या मध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. कार ऑडिओच्या दुकानात तो मिळतो. मात्र अगदी स्वस्तातल्या आयसोलेटरचा ट्रान्सफॉर्मर इवलासा असतो, त्यात बास पातळ होतो. कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर दोन्हींना ऑप्टिकल सॉकेट असेल तर प्रश्नच मिटला, कारण त्या केबलमधून वीज जातच नाही.

प्लगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला मात्र कुणीही दिला तरी ऐकू नका. हमिंग जातं हे खरं, पण उद्या ॲम्प्लिफायरच्या आत फेज सुटून पत्र्याला लागली तर फ्यूज उडणार नाही, हात लावणाऱ्याला शॉक बसेल.

लाइट गेल्यावर, इन्व्हर्टरवरच गुरगुर सुरू होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का ते बघा. त्यावर ऑडिओ केबल कितीही बदलल्या तरी फरक पडत नाही, साइन वेव्ह इन्व्हर्टरच लागतो. आणि माउस हलवला किंवा पान सरकवलं की बारीक चिरचिर येत असेल, तर कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून केबल काढून मागच्या जॅकमध्ये लावा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आत ग्राफिक्स कार्डाशेजारून येते आणि तिथला सगळा कचरा गोळा करते. मागेही चिरचिर राहिली तर डॅकवरचे पैसे सार्थकी लागतील.

विंडोजवर सगळं सोडून देणं

‘साउंड’ सेटिंग्जमध्ये खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ आहे. तिथे आपल्या आउटपुटवर राइट क्लिक करून ‘कॉन्फिगर स्पीकर्स’ उघडा. स्पीकर दोनच असताना इथे ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) निवडलेलं असेल, तर सिनेमात पार्श्वसंगीत दणदणीत आणि संवाद मात्र गायब, असा प्रकार होतो. संवाद सेंटर चॅनलला जातात आणि तो स्पीकर तुमच्याकडे नाही. ‘स्टीरिओ’ निवडा.

मग ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन एन्हान्समेंट्स, म्हणजे आवाजावर चढवलेले इफेक्ट्स, बंद करा. लॅपटॉप कंपनीचं सराउंड सॉफ्टवेअर, विंडोजची एन्हान्समेंट आणि प्लेअरचा इक्वलायझर असे तिघं एकाच गाण्यावर काम करू लागले की आवाज फाटणारच. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये २४ बिट, ४४१०० हर्ट्झ ठेवा, मुख्यतः व्हिडिओ बघत असाल तर ४८०००. तिथे १९२००० ठेवून सीडी दर्जाच्या गाण्यात नवीन काही येत नाही. तसंच १२८ केबीपीएसची एमपी३ फ्लॅकमध्ये (तपशील न गमावता साठवणाऱ्या फाइल प्रकारात) बदलून फाइल फक्त फुगते, उडालेला तपशील परत येत नाही.

कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम २० वर आणि ॲम्प्लिफायरची नॉब पूर्ण उघडी, ही उलटी मांडणीही फार दिसते. मग गाण्यापेक्षा ॲम्प्लिफायरची हिसच जास्त वर येते. विंडोज आणि प्लेअर ९० ते १०० वर ठेवून आवाज नॉबने कमी-जास्त करा.

ब्लूटूथ हेडफोनचा आवाज अचानक टेलिफोनसारखा झाला तर कुठलं तरी ॲप त्याचा माइक वापरतंय. मीटिंगसाठी लॅपटॉपचा माइक निवडा.

लाल-काळ्याची अदलाबदल

एका स्पीकरची वायर उलटी (लाल टोक काळ्याला, काळं लालला) लागली की दोन्ही वूफर (बासचे मोठे स्पीकर) एकमेकांविरुद्ध हलतात, बास मरतो आणि गायकाचा आवाज मधून न येता कुठूनही आल्यासारखा वाटतो. दोन्ही स्पीकर समोरासमोर अगदी जवळ आणा आणि मोनो गाणं लावा. एकाची वायर उलटवल्यावर बास वाढला, तर तीच जोडणी बरोबर. वायर म्हणाल, तर ८ ओहमच्या स्पीकरला इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर भरपूर झाली. ५ मीटर अंतराला तिचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.१२ ओहम भरतो. हजारोंच्या केबलचे पैसे वाचवून खोलीसाठी ठेवा.

खोलीकडे दुर्लक्ष

सर्वांत महाग पडते ती हीच चूक. १० बाय १२ फुटांची बेडरूम घ्या. १२ फुटांच्या लांबीमुळे साधारण ४७ हर्ट्झला खोली घुमते, १० फुटांच्या रुंदीमुळे ५६ हर्ट्झला. छतही १० फुटांच्या आसपास असेल तर तोच ५६ पुन्हा, म्हणजे दुप्पट त्रास. बास गिटारच्या मोकळ्या ए तारेचा सूर ५५ हर्ट्झचा आहे, त्यामुळे तो एकच सूर फुगून बाकीचे झाकतो. दोष मात्र स्पीकरला जातो.

स्पीकर कोपऱ्यात ठेवले की हे घुमणं आणखी चढतं, म्हणून आधी ते कोपऱ्यातून बाहेर काढा. लांबीच्या दिशेला तोंड करून बसा. पाठ भिंतीला टेकवून बसलात तर ४७ हर्ट्झ फुगतो, लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर तोच जवळजवळ ऐकू येत नाही. १२ फुटांत समोरच्या किंवा मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर खुर्ची ठेवून सुरुवात करा आणि अर्धा-अर्धा फूट सरकवत ऐका. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण हवा. स्पीकरमध्ये १ मीटर अंतर, तर तिथून कानापर्यंतही १ मीटर. ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर हवा. टेबलावर आडवे टाकलेले स्पीकर टेबलाच्या फळीवरून आदळून येणारा आवाजही ऐकवतात, म्हणून स्टँड लावा.

टाइल्सच्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवा. तर्रर्र असा थरथरता आवाज आला तर सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट कामाला येतं. एक इंची फोम भिंतभर चिकटवू नका. तो फक्त वरचे सूर शोषतो, बास तसाच राहतो आणि खोली अजूनच घुमी वाटते.

इक्वलायझर येतो तो यानंतर. विंडोजसाठीचं इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ३० ते १५० हर्ट्झचा स्वीप (हळूहळू चढत जाणारा एकच सूर) कमी आवाजात वाजवा आणि जिथे फुगतो तिथे, समजा ५६ ला, ४ ते ५ डेसिबल कमी करा, क्यू (कपात किती अरुंद पट्ट्यात होते त्याचा आकडा) ४ च्या आसपास ठेवून. जिथे आवाज गायब होतो तिथे वाढवू नका. १० डेसिबल वाढ म्हणजे दहापट वॉट, तेही भिंतीवरून परतलेल्या लाटेत विरून जातात. इतर कुठे वाढ केलीच तर जेवढी सर्वाधिक वाढ, तेवढाच प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळी) उणे करा, नाहीतर जोरदार गाण्यात शिखरं कापली जाऊन खरखर येते.