वावटळी सुरू व्हायच्या आत

होळी झाली की सोलापुरात वावटळी उठायला लागतात. दारं-खिडक्या कितीही लावा, संध्याकाळी टीपॉयवर बोट फिरवलं की रेघ उमटतेच. त्यात आमचं घर पूर्व भागात, आजूबाजूला यंत्रमाग. मातीबरोबर सुताचं तूसही घरात येतं, आणि टर्नटेबलला, म्हणजे तबकड्या वाजवायच्या यंत्राला, मातीपेक्षा तेच जास्त छळतं. गेल्या उन्हाळ्यात एका एलपी तबकडीच्या शेवटच्या गाण्याला आवाज एकदम बसका आणि फाटका येऊ लागला. भिंगातून पाहिलं तर सुईच्या टोकाला तिळाएवढा करडा गोळा लोंबत होता. तेव्हापासून पाडव्याच्या आत टर्नटेबल, तबकड्या, ॲम्प्लिफायर सगळ्यांची सफाई उरकून घेतो.

सामान आधी आणून ठेवा: कार्बन फायबरचा ब्रश, सुईचा छोटा ब्रश, रंगकामाचा एक कोरा मऊ ब्रश, कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा, मायक्रोफायबरची दोन-तीन फडकी आणि डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी तबकडीला अजिबात लावू नका. ते वाळलं की क्षार खाचेत बसतात. खाच जेमतेम केसाएवढी रुंद असते, तिथून ते काढणं फार अवघड.

खोलीपासून सुरुवात करा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. पंखा बंद करा, आणि त्याची पाती पुसायची राहिली असतील तर ती आधी पुसा, नाहीतर सगळं खालीच पडेल. कूलरचा झोत यंत्रावर येत असेल तर आत्ताच जागा बदला.

मग प्लग काढा. टर्नटेबलचं झाकण कोरड्या फडक्याने घासू नका. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ॲक्रिलिकवर लगेच स्थिर वीज चढते आणि पुसून होईतो नवी धूळ चिकटलेली असते. फडकं किंचित ओलं हवं.

सुईला सर्वात जास्त वेळ द्या. ब्रश मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) बुडाकडून तोंडाकडे, एकाच दिशेने हलका ओढा. आडवा किंवा उलटा फिरवलात तर कॅंटिलिव्हर, म्हणजे सुई जिच्या टोकाला असते ती बारीक काडी, वाकलाच म्हणून समजा. तोंडाने फुंकर घालायची सवय सोडा, थुंकीचे बारीक थेंब धुळीचा चिखल करतात. बोट तर लावायचंच नाही.

तबकडी फिरत ठेवून कार्बन ब्रश खाचेच्या दिशेने दोन-तीन फेरे टेकवून धरायचा आणि मग हळूच कडेला सरकवत उचलायचा. हे प्रत्येक वेळी, लावायच्या आधी. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: आजोबांच्या वेळच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव लावू नका. लाख त्यात विरघळते आणि आवाज कायमचा जातो. तबकड्या उभ्याच ठेवा, पत्र्याच्या खोलीत नकोच. आतली कागदी पाकिटं फाटली असतील तर बदलून घ्या, कागदाचा भुगाही खाचेतच जातो.

ॲम्प्लिफायरच्या जाळीतली धूळ मऊ ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढून घ्या. ती साचली की आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि बाहेर ४२ अंश असताना तो आधीच तापलेला असतो. पेटी स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. स्पीकरची जाळी काढून झटका, ट्वीटरच्या (बारीक, उंच सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) घुमटाला हात लावू नका.

शेवटी झाकायचं कशाने? सोलापुरी चादर किंवा टर्किश टॉवेल नको. आपल्या गावचा माल म्हणून कितीही जीव असला तरी त्याचं तूस सुटतं. माझ्याकडे आजोबांचं धुऊन-धुऊन मऊ झालेलं धोतर आहे, घट्ट विणीचं. झाकणावर ते दुहेरी टाकतो. ॲम्प्लिफायरवर मात्र तो पूर्ण थंड झाल्यावरच.